इटालियनमध्ये पीएच.डी.: देश नंतर ठरवा, आधी विषय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी साहित्यात एम.ए. झालंय, पुण्यात फ्रेंच शिकवता, इटालियनची बी-२ पातळीची परीक्षा उत्तीर्ण आहात, वय एकतीस. ‘दान्ते आणि ज्ञानेश्वर: लोकभाषेचा आग्रह’ या विषयावर इटलीत पीएच.डी. करायची आहे. इटालियनची पदवी नाही म्हणून अर्ज फेटाळतील का, शिष्यवृत्ती मिळते का, आणि पदवी हातात पडल्यावर पुढे काय?

तिन्ही प्रश्न प्रवेशाचे आणि पोटापाण्याचे आहेत, आणि ते रास्तच आहेत. पण मला खरी अडचण विषयात दिसते. मी इटलीत पीएच.डी. केली, आता तिथेच शिकवते आणि दर उन्हाळ्यात उमेदवारांचे प्रस्ताव वाचते. टेबलाच्या या बाजूनं काय दिसतं ते सांगते. मात्र प्रत्येक विद्यापीठाची जाहिरात वेगळी असते आणि दरवर्षी थोडी बदलते, त्यामुळे अर्ज करताना शेवटचा शब्द त्या कागदाचा माना, माझा नाही.

पदवीचं आधी उरकून टाकते. इटलीत पीएच.डी.ला, म्हणजे ‘दॉत्तोरातो दि रिचेर्का’ला, लागते ती पदव्युत्तर पदवी. ती इटालियनचीच हवी अशी अट सहसा नसते. आपली तीन अधिक दोन वर्षांची बी.ए.-एम.ए. त्यांच्या साच्यात बसते. त्यासाठी ‘चिमेआ’ या संस्थेचं समकक्षतेचं पत्र किंवा वकिलातीकडून पदवीचं मूल्यांकन मागतात. गुणपत्रिकांना आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टील, या दोन्हींना वेळ लागतो; ते काम जाहिरातीची वाट न बघता आत्ताच सुरू करा. तेव्हा दार बंद नाही. पण दारातून आत जायला परवानगी असणं आणि पंचवीस-तीस उमेदवारांतून निवडलं जाणं यात फरक आहे. समोर बसलेले बाकीचे उमेदवार पाच वर्षं इटालियन साहित्यच शिकलेले असतात. त्यांच्यापुढे तुमचा प्रस्ताव कशाच्या बळावर उभा राहणार?

आता विषय. दान्ते आणि ज्ञानेश्वर ही जोडी मराठी माणसाला सुचतेच. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. दान्ते १३२१ मध्ये वारला तेव्हा त्याचं ‘डिव्हाइन कॉमेडी’ हे महाकाव्य नुकतंच पुरं झालं होतं. एकानं संस्कृत बाजूला ठेवलं, दुसऱ्यानं लॅटिन. वाचताना अंगावर काटा येतो हे खरं, पण निवड समितीतला माणूस पहिलाच प्रश्न विचारेल: बरं, मग? दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, दोघांना जोडणारा ग्रंथ नाही, व्यापारी नाही, धर्मप्रसारक नाही. मग साम्यं मोजायची आणि शेवटी दोघेही थोर होते असं म्हणायचं? अशा प्रबंधातून नवं काही हाती लागत नाही. शिवाय मराठी बाजू खरी की खोटी हे तपासू शकणारा एकही माणूस त्या समितीत नसतो आणि जे तपासता येत नाही त्याला गुण देताना हात आखडतो. आणखी एक बारीक गोम आहे. लोकभाषेची बाजू मांडणारा दान्तेचा प्रबंध लॅटिनमध्ये आहे, आणि अर्धवट सोडलेला. ‘लोकभाषेचा आग्रह’ हे शीर्षक त्याला जसंच्या तसं लागू पडत नाही, हे तिथला कुणीही पहिल्या मिनिटात दाखवून देईल.

म्हणून विषय टाकून द्या असं मी म्हणणार नाही. त्याला वळवा. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४. तिकडे फ्लोरेन्समध्ये आक्कादेमिया देल्ला क्रुस्का ही संस्था १५८३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या सभासदांनी अनेक हस्तलिखितं ताडून दान्तेच्या काव्याची सुधारलेली आवृत्ती १५९५ मध्ये छापली. दोन्हीकडे जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीचं लोकभाषेतलं काव्य, दोन्हीकडे मूळ लेखकाच्या हातची प्रत नाही, आणि दोन्हीकडे एकाच दशकाच्या आसपास कुणाला तरी वाटतं की पाठ बिघडलाय, तो नीट केला पाहिजे. आता प्रश्न तयार होतो: बिघाड म्हणजे काय हे त्यांनी कशावरून ठरवलं? जुना शब्द कळेनासा झाला म्हणून बदलला, की नकलेतली चूक म्हणून? अधिकार कुणाचा, संताचा की संस्थेचा?

याला विसाव्या शतकातलं टोकही आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली. दान्तेच्या बाबतीत जोर्जो पेत्रोक्कीनं १९६६-६७ मध्ये जी आवृत्ती काढली, ती चौदाव्या शतकातला लेखक बोक्काच्चो यानं केलेल्या नकलांच्या आधीच्या हस्तलिखितांवर उभी आहे. बोक्काच्चोच्या हातून पाठात सरमिसळ झाली, म्हणून त्याच्या मागे जायचं. म्हणजे इथे एकनाथांच्या मागे, तिथे बोक्काच्चोच्या मागे. दान्तेच्या काव्याची आठशेच्या आसपास हस्तलिखितं आज उपलब्ध आहेत, ती सगळी तुम्हाला बघायची नाहीत. पाच-सात निवडक ठिकाणचे पाठभेद घेतले तरी प्रबंध भरतो. हा प्रस्ताव वाचून पाठचिकित्सेचा, म्हणजे हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवण्याच्या शास्त्राचा, प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकून बसेल, कारण ही त्याचीच भाषा आहे, आणि मराठीची बाजू त्याला ठाऊक नसली तरी पद्धत तपासता येते.

इथे इटलीची एक गोष्ट समजून घ्या, जी बाहेरून आलेल्या बहुतेकांना उशिरा कळते. तुम्ही ‘इटालियन भाषा, साहित्य आणि संस्कृती’ असं एका दमात म्हणता. तिथल्या विद्यापीठात हे एक शास्त्र नाही. इटालियन साहित्य, समकालीन इटालियन साहित्य, इटालियन भाषाविज्ञान, इटालियन साहित्याची पाठचिकित्सा, तौलनिक साहित्य हे वेगवेगळे सरकारी विभाग आहेत. प्रत्येकाला अधिकृत सांकेतिक क्रमांक असतो (हे क्रमांक २०२४ मध्ये बदलले, त्यामुळे जुन्या जाहिराती वाचून गोंधळू नका) आणि प्राध्यापकाची नेमणूक, बढती सगळं त्या क्रमांकावर चालतं. ‘संस्कृती’ नावाचा क्रमांक नाही. सिनेमा वेगळ्या विभागात, स्थलांतरितांचं लेखन कुठे बसवायचं यावर वाद. तुमचा प्रस्ताव नेमका कोणत्या विभागात पडतो हे पहिल्या परिच्छेदात कळलं नाही, तर तो कुणाचाच राहत नाही.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये चित्र उलटं आहे. तिथे एकाच छोट्या विभागात दान्तेपासून चित्रपटापर्यंत सगळं नांदतं, आणि वसाहतवाद, स्थलांतर, लिंगभाव असे प्रश्न घेऊन येणाऱ्याचं स्वागत होतं. तुमचा प्रश्न तसा असता तर मी इटलीचा आग्रह धरला नसता. अमेरिकेत पाच-सहा वर्षं, बहुतेक ठिकाणी पूर्ण खर्चासह. बदल्यात तुम्ही पदवीच्या मुलांना इटालियन शिकवता आणि मधे मोठ्या परीक्षा देता. फ्रेंच शिकवण्याचा तुमचा अनुभव तिथे चांगला मोजला जाईल. अर्ज डिसेंबर-जानेवारीत, जागा अगदी मोजक्या. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षं, मार्गदर्शक आधी पटवावा लागतो आणि पैसे वेगळे शोधावे लागतात. भारतात दिल्ली विद्यापीठाच्या जर्मॅनिक आणि रोमान्स अभ्यास विभागात इटालियन आहे. घर सोडता येत नसेल तर तो प्रामाणिक पर्याय आहे. हस्तलिखितांवर काम करायचं तर मात्र इटलीच्या खेपा कराव्या लागतीलच. विषय पाठचिकित्सेचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: इटली.

पण थेट पीएच.डी. नको. हे तुम्हाला कदाचित आवडणार नाही. एकतिसाव्या वर्षी आणखी एक एम.ए. म्हटलं की घरचे कपाळाला हात लावतात. तरीही तुमच्या परिस्थितीत मी आधी इटलीतली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी सुचवीन, त्यांच्याकडे ‘फिलोलोजिया मोदेर्ना’ या वर्गातली. कारणं अशी. तुम्हाला पाठचिकित्सा कुणी शिकवलेली नाही आणि ती पुस्तकं वाचून येत नाही, हस्तलिखितावर बोट ठेवून येते. पंधराव्या-सोळाव्या शतकातलं काम म्हणजे लॅटिन वाचता आलंच पाहिजे. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर विभक्त्यांची भीती नाही, पण सराव लागतोच. आणि तिसरं, दोन वर्षांत लिहिलेल्या प्रबंधिकेमुळे एक प्राध्यापक तुम्हाला ओळखतो. निवड गुणांवर होते हे खरं, पण तुम्ही काय करू शकता याची खात्री असलेला एक माणूस तिथे असणं याला किंमत आहे. शिक्षण शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरतं आणि प्रांतिक सरकारांच्या शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळतात, त्यामुळे खर्च तुम्हाला वाटतो तेवढा नसेल. कितपत, ते उत्पन्नाच्या कागदांवर आणि त्या वर्षीच्या निधीवर.

याला अपवाद आहे. विषय असा निवडलात की ज्यात तुमचं मराठी हेच मुख्य हत्यार आहे, तर थेट अर्ज करून बघायला हरकत नाही. आणि असे विषय आहेत. सावरकरांनी १९०७ मध्ये इटालियन क्रांतिकारक मॅझिनीच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद प्रसिद्ध केला, तो इंग्रजीवरून. गंमत म्हणजे मॅझिनीच्या समग्र लेखनाची इटालियन राष्ट्रीय आवृत्ती इमोलाहून त्याच्या आदल्याच वर्षी निघू लागली होती. मूळ इटालियन, मधलं इंग्रजी आणि शेवटचं मराठी, तिन्ही शेजारी ठेवून काय गळलं, काय नव्यानं आलं हे बघणारा माणूस तिन्ही भाषा जाणणारा हवा, आणि असे लोक बोटावर मोजण्याइतके. दुसरा विषय फिलिप्पो सास्सेत्तीचा. हा फ्लोरेन्सचा व्यापारी कोचीन आणि गोव्यात राहिला, १५८८ मध्ये गोव्यातच वारला. संस्कृत आणि इटालियनमधल्या आकड्यांचं साम्य त्यानं पत्रांतून घरी कळवलं होतं, संस्कृत आणि युरोपीय भाषांचं नातं मांडणाऱ्या विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षं आधी. त्याच्यावर बरंच लिहून झालंय, तेव्हा नवा कोन सापडला तरच हात घाला.

माझ्या आवडीचा तिसरा. आंजेलो दे गुबेर्नातिस हा फ्लोरेन्सचा संस्कृतचा प्राध्यापक १८८५-८६ मध्ये भारतात येऊन गेला. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत डॉक्टरकी करणारे जेर्सन द कुन्हा हे त्याचे मित्र. ते १८७८च्या फ्लोरेन्समधल्या प्राच्यविद्या परिषदेला गेले होते. दे गुबेर्नातिसचा पत्रव्यवहार फ्लोरेन्सच्या राष्ट्रीय मध्यवर्ती ग्रंथालयात आहे. हस्तलिखितांच्या दालनात पेन बाहेर ठेवून पेन्सिल घेऊन जायचं, चिठ्ठी भरायची आणि थांबायचं. मग समोर पेटी येते, तिच्यात पत्रलेखकाच्या नावानं लावलेली पाकिटं. मुंबईहून आलेल्या पत्रांचा कागद पातळ, शाई मागच्या बाजूला उमटलेली, एका पत्रात दोन-तीन भाषा. तिथे बसलेल्या इटालियन संशोधकाला ‘गिरगाव’ आणि ‘वाळकेश्वर’ वाचताना अडखळायला होतं, तुम्हाला नाही. समितीला दाखवायचं ते हे: हे काम इतर उमेदवारांपेक्षा मी चांगलं करीन, आणि त्याचं कारण हे.

आता पैसे आणि वेळापत्रक. जाहिरात, म्हणजे ‘बांदो’, साधारण एप्रिल ते जुलैच्या दरम्यान निघते, अर्जाला महिनाभर मिळतो आणि बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रम १ नोव्हेंबरला सुरू होतो. मुदत तीन वर्षं. सरकारी शिष्यवृत्तीची किमान रक्कम २०२२ पासून वर्षाला १६,२४३ युरो आहे. त्यातून सामाजिक विम्याचा वाटा कापून महिन्याला बाराशेच्या आसपास हातात येतात. परदेशात संशोधनाला गेलात तर त्या काळापुरती ती पन्नास टक्क्यांपर्यंत वाढते, आणि पुण्यात येऊन पोथ्या बघणं हेही त्यात बसू शकतं. बोलोन्या किंवा मिलानमध्ये साध्या खोलीचं भाडं यातला मोठा घास घेतं. सिएना, पाविया, पेरुजा अशा गावांत हातपाय पसरता येतात. बऱ्याच जाहिरातींत काही जागा ‘शिष्यवृत्तीविना’ असतात. त्या घेऊ नका. व्हिसासाठी पैसे दाखवावे लागतात, आणि तीन वर्षं बाहेरचं काम करत संशोधन रेटणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यातली बरीच चौथ्या वर्षी दिसेनाशी होतात.

बी-२ बद्दल. जगायला पुरेल, निवडीच्या तोंडी परीक्षेला कमी पडेल. तिथे वीस-पंचवीस मिनिटं तुमच्याच प्रस्तावावर उलटसुलट विचारतात, ‘अमक्याचं पुस्तक का घेतलं नाहीत’ हा तर ठरलेला प्रश्न. त्याच्या वरची सी-१ पातळी गाठा; प्रमाणपत्र सिएनाचं असो, पेरुजाचं असो की दान्ते सोसायटीचं, फरक पडत नाही. पण त्याहून महत्त्वाचं लिहिणं. प्रस्तावाला जागा मोजून दिलेली असते, तीही शब्दांत नव्हे तर अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागा धरून. त्यात आजवर या विषयावर काय झालं, तुम्ही काय करणार, कसं, कुठल्या महिन्यात काय आणि संदर्भ, हे सगळं बसवायचं. इंग्रजीत लिहून मशिनीकडून इटालियन करून घेतलेला प्रस्ताव दुसऱ्या ओळीत ओळखू येतो. व्याकरण बरोबर असतं, पण त्या क्षेत्रातला माणूस तसं लिहीत नाही. रोज एक चांगला इटालियन शोधनिबंध घेऊन त्याची पाच वाक्यं हातानं उतरवून काढा. जुनाट उपाय आहे, पण चालतो.

‘पुढे काय’ याचं उत्तर गोड करून सांगत नाही. इटलीत कायम प्राध्यापकी मिळायला पीएच.डी. नंतर कंत्राटी संशोधनाची बरीच वर्षं जातात आणि मग राष्ट्रीय पात्रता, मग स्पर्धा. अमेरिका-ब्रिटनमध्ये इटालियनचे विभाग आकसत आहेत. भारतात नेट परीक्षेच्या यादीत फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन, जपानी आहेत, इटालियन नाही. म्हणजे इथे प्राध्यापक व्हायचं मनात असेल तर इंग्रजी या विषयातली नेट आत्ताच, जाण्याआधी देऊन ठेवा, एम.ए.च्या जोरावर ती देता येते. ग्रंथालयं, अभिलेखागारं, प्रकाशन, अनुवाद, सांस्कृतिक संस्था इथे लोक लागतात, पण ओळीनं जाहिराती निघत नाहीत. तुमची फ्रेंच सोडू नका. फ्रेंच आणि इटालियन दोन्ही शिकवू शकणाऱ्याला काम मिळतं, फक्त इटालियनवाल्याला थांबावं लागतं. घरची जबाबदारी किती, कर्ज आहे का, तीन-पाच वर्षं बेताच्या पैशात काढता येतील का, हे मला माहीत नाही आणि त्यावर बरंच अवलंबून आहे.

थोडक्यात क्रम असा लावा: या हिवाळ्यात साक्षांकनं आणि नेटचा अर्ज, सोबत लॅटिनची सुरुवात, पाठचिकित्सा हवी असेल तर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज, मॅझिनी किंवा द कुन्हा यांच्यासारखा विषय घेतलात तर पुढच्या उन्हाळ्यात तीन-चार ठिकाणी थेट पीएच.डी.चे अर्ज, एकाच विद्यापीठावर विसंबू नका.

अर्जाच्या आधी प्राध्यापकांना पत्र लिहाल, त्याबद्दल शेवटचं. ‘मी आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू इच्छिते’ अशी सगळ्यांना सारखी पाठवलेली पत्रं आम्ही उघडतो आणि बंद करतो. त्या माणसाचा एखादा लेख खरंच वाचा, त्यातल्या एका मुद्द्यावर तुमचा नेमका प्रश्न विचारा, तुमचा विषय चार ओळींत मांडा आणि मराठी वाचता येतं हे लिहायला विसरू नका. पत्र इटालियनमध्ये, ‘लेई’ या आदरार्थी रूपात, पान भरून नको. ऑगस्टमध्ये पाठवू नका, तेव्हा अख्खी इटली समुद्रावर असते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवा, आणि तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, दोनदा नको.